न पाहिलेला थेंब

मी मायक्रोस्कोप बोलतोय. अमरावतीला कापूस बाजाराच्या रस्त्यावर केशवराव डॉक्टरांचा दवाखाना आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा. अंग पितळेचं, वरचा काळा रंग कोपऱ्यांतून उडालेला, खाली एक गोल आरसा. खिडकीतून ऊन आलं की तो आरसा ते वर फेकतो आणि मग मला दिसतं. ऊन नसलं की मी आंधळा.

जन्म कुठे झाला ते मला नीटसं आठवत नाही. समुद्रापलीकडचा कारखाना होता एवढंच. केशवराव नागपूरला शिकत असताना एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला त्यांच्या हवाली केलं आणि म्हणाले, "याला रोज वापर. हा खोटं बोलत नाही." केशवराव मला लाकडी पेटीत घालून, पेटी मांडीवर धरून गाडीने अमरावतीला आले. ही बावन्न सालची गोष्ट.

पहिली दोन वर्षं त्यांनी मला खरंच रोज वापरलं. हिवतापाचं रक्त पाहिलं, पोटातल्या जंतांची अंडी पाहिली. मग दवाखाना चालायला लागला. सकाळी आठलाच व्हरांडा भरायचा. मोर्शीचे, चांदूरचे, पार परतवाड्याचे लोक यायचे. एका माणसाला दोन मिनिटं मिळाली तरी खूप. एक थेंब नीट बघायचा तर दहा मिनिटं जातात. डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. माझ्यावर कापडी खोळ चढली आणि त्या खोळीवर ओमप्रकाश कंपाउंडर पट्ट्यांचा डबा ठेवू लागला.

खोळीतून दिसत नाही, पण ऐकू येतं. मी बायकांचं बोलणं ऐकायचो. त्या खरं दुखणं पहिल्या वाक्यात कधीच सांगत नसत. डोकं दुखतं म्हणत, कंबर भरून येते म्हणत, आणि उठून दाराशी गेल्यावर मागे वळून हळूच म्हणत, "अन् डॉक्टरसाहेब, जराशी उन्हाळी लागली हाये." म्हणजे लघवीला आग होते, घडीघडी जावं लागतं, गेलं तर चार थेंब. डॉक्टरांच्या टाकाची कुरकुर तेव्हाही थांबत नसे. तीन दिवसांच्या सल्फाच्या गोळ्या, एक बाटली सोड्याचं मिक्श्चर. ओमप्रकाश बाटलीला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी आणि सांगे, "पानी बहोत पिजा, बाई." बहुतेक जणी बऱ्या होत. त्यामुळे काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

एकसष्ट सालच्या एप्रिलात पंचफुलाबाई आल्या. त्या चांदूर रेल्वेहून तीन मैलांवरच्या एका खेड्यात शाळामास्तरीण होत्या. नवरा धर्मपाल रेल्वेत पॉइंटमन, रुळांचे सांधे बदलणारा. दोघांच्या घरच्यांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतलेली, आणि दोन्ही घरांत मिळून शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई ती हीच. सहा महिन्यांत त्या तिसऱ्यांदा त्याच दुखण्यासाठी आल्या होत्या.

त्या आत बाकावर होत्या. धर्मपाल औषधाच्या खिडकीपाशी, माझ्यापासून दोन हातांवर. ओमप्रकाश बाटली विसळत होता. त्याने आवाज खाली आणला.

"तिसरी बार आली न हे? तुमची बाई बाहीर नोकरी करते?"

"हो. शाळेत हाये."

"गडी मास्तर असतीन तिथं."

"असतात. काहून?"

"भाऊ, नाराज नोका होऊ. घडीघडी उलटते ते उन्हाळी नसते. ते परमा असते. कुठून तरी लागते. सुई मारून घ्या दोघंबी."

परमा. बाहेरख्यालीपणातून लागणारा रोग. ओमप्रकाशने तो शब्द बाटली विसळता विसळता टाकला, जसं कुणी 'उद्या या' म्हणावं. मला घाम फुटत असता, तर खोळीच्या आतच फुटला असता. मग धर्मपालच्या बुटांचा आवाज सरळ आत गेला.

"पंचफुला," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटतच नव्हता. "तुले काय झालं हाये ते खरं सांग. हा म्हणते परमा हाये."

बाकावरच्या बायकांची कुजबुज थांबली. एक पोर रडत होतं, तेही आईने छातीशी दाबलं. डॉक्टरांच्या टाकाची कुरकुर बंद पडली.

मला वाटलं, आता ही मास्तरीण पदर तोंडाला लावून उठून जाईल. तशा कितीतरी गेल्या होत्या. पण पंचफुलाबाई उठल्या आणि टेबलापाशी आल्या.

"डॉक्टरसाहेब, तुमच्यापाशी ते यंत्र हाये. चवथीच्या पुस्तकात त्याचं चित्र हाये, मी पोरायले शिकवते. त्यात बारीक जंतू दिसतात म्हणे. मग मले तपासा. जे असन ते सगळ्यायसमोर निघू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात ते मला सात वर्षांनी पाहत होते म्हणा ना. त्यांनी स्वतः डबा उचलला, खोळ काढली. भिंगांवर बुरशीची जाळी धरली होती. आरसा धुरकट. त्यांचे कान लाल झाले. स्पिरिटचा बोळा घेऊन ते मला पुसत बसले आणि बाहेर तीस माणसं ताटकळत राहिली.

त्यांनी बाईंना उकळलेली बाटली दिली, आधी स्वच्छ धुवायला सांगितलं, सुरुवातीची धार सोडून मधली धरायला सांगितली. ताप आला का, थंडी वाजली का, पाठीत बरगडीखाली दुखतं का, दिवस गेलेत का, एकेक विचारलं. सगळ्याला नाही. काचनळीतली लघवी दिव्यावर तापवून पाहिली, साखर आहे का पाहिलं. हाताने फिरवायच्या यंत्रात नळी घालून गरागरा फिरवली, तळाचा गाळ काचेवर घेतला आणि ती काच माझ्याखाली सरकवली.

ऊन आरशावर पडलं आणि मला दिसलं. पुवाचे गोल दाणे, एकाला एक लागून. त्यांच्या मधून बारीक काड्यांसारखे जंतू वळवळत होते, शेकड्यांनी. डॉक्टरांनी दुसऱ्या काचेवर रंग चढवून पुन्हा पाहिलं. परम्याचे जंतू जोडीने असतात, तुरीच्या डाळीच्या दोन फोडी समोरासमोर ठेवाव्या तसे, आणि पुवाच्या दाण्यांच्या पोटात शिरलेले. तसं एकही नव्हतं. त्यांनी काच केसभर केसभर सरकवली. नव्हतंच.

"धर्मपाल," डॉक्टर उभे राहून म्हणाले, व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल असं. "हा परमा नाही. मूत्राशयात जंतू झालेत. कुठल्याही बाईला होतात. कुमारिकेला होतात, म्हातारीला होतात. मीच दोनदा अर्धवट औषध देऊन हिला घरी पाठवलं, म्हणून ते उलटलं."

धर्मपाल भिंतीला टेकला. बायकोकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"आता सात दिवस गोळ्या घ्यायच्या," डॉक्टर म्हणाले. "आग थांबली तरी सोडायच्या नाहीत. आणि या गोळ्यांवर दिवसभर पाणी पाहिजे. नाहीतर लघवीत खडे धरतात, उलटा त्रास होतो."

"मंग मले ह्या गोळ्या नाई चालणार," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"का?"

"मी दिवसा पाणी पीत नाई."

डॉक्टरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे कमी पिता?"

"सकाळी घरून निघतानी पेते, मंग घरी आल्यावर. मधात नाई."

एप्रिलचं ऊन होतं. रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं.

मग त्या सांगत गेल्या. शाळेला बाईमाणसासाठी आडोसा नाही. मागे उघडं वावर, बाजूला गाडीवाट, मोठी पोरं डोकावतात. पाण्याचा माठ आहे, पण त्यांनी हात लावायचा नाही. शिपाई गडव्याने, म्हणजे तांब्याने, वरून ओंजळीत ओतायचा. एक दिवस दुसऱ्या मास्तरांनी शिपायाला पोरांसमोर विचारलं, गडवा नंतर घासतोस की नाही? त्या दिवसापासून त्यांनी पाणी मागितलं नाही. प्यालं नाही तर जावंही लागत नाही, असं त्यांनी गणित बसवलं. अकरा महिने झाले होते.

डॉक्टर खाली बसले.

धर्मपालने विचारलं, "मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तर तुमी म्हटलं असतं, सोड ते नोकरी. मी नाई सोडणार."

धर्मपाल ढसाढसा रडला. भर दवाखान्यात, अंगावर रेल्वेचा निळा शर्ट असताना.

आठ दिवसांनी दोघं परत आले. धर्मपालने सुट्टी काढून शाळेमागे बांबूच्या तट्ट्याचा आडोसा उभा केला होता. दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी उपटून फेकला. त्याने परत रोवला. बाई घरून स्वतःची सुरई नेत होत्या, आणि सुट्टीत तीन पोरी गुपचूप त्या सुरईतलं पाणी पिऊन गेल्या, हे सांगताना त्यांना हसू आलं. काच माझ्याखाली आली. डॉक्टरांनी पाहिलं आणि बाईंना म्हणाले, "तुम्हीच पाहा." त्यांनी एक डोळा मिटून वाकून पाहिलं.

"काहीच दिसून नाई राह्यलं."

"तेच पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाले.

गोष्ट इथे थांबली असती तर मी आज काही सांगायला बसलो नसतो. निघताना धर्मपाल औषधाच्या खिडकीशी थांबला. "भाऊ, तुमी माह्यासंगं असं बोलले काहून?" त्याने विचारलं. भांडण म्हणून नव्हे.

ओमप्रकाश बिचारा गोंधळला. "मी काई तुमच्याशी दुश्मनीनं नाई बोललो. पहिल्या डॉक्टरकडं होतो, तिथं असंच सांगत. मी तर सगळ्यायलेच सांगतो. जिची घडीघडी उलटते, तिच्या मानसाले."

"सगळ्यायले?" आतून डॉक्टरांचा आवाज आला.

ते बाहेर आले. किती जणांना, हे ओमप्रकाशला सांगता येईना. तो बोटांवर मोजत राहिला आणि त्याला एक नाव आठवलं. मोर्शीकडची जमुना. नवरा मोतीराम, घरची शेती. दोन वर्षं झाली. मोतीराम तिला दवाखान्यातून परस्पर माहेरी सोडून आला, पुढच्या उन्हाळ्यात त्याने दुसरी केली. "मले वाटलं, तुमाले मालूम असन," ओमप्रकाश म्हणाला.

मोतीरामला तो शब्द सांगितला गेला तेव्हाही मी तिथेच होतो, दोन हातांवर. मी ऐकला होता. कधीतरी ऐकलेल्या शंभर गोष्टींतली एक म्हणून विसरलो होतो. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

त्या रविवारी डॉक्टरांनी मला पेटीत घातलं आणि आम्ही एस.टी.ने मोर्शीला गेलो. मला का नेलं, त्यांनाही ठाऊक नसावं. पेटीच्या फटीतून ऊन आत यायचं, तेवढ्यातून मला दिसायचं. जमुना माहेरच्या अंगणात ज्वारी पाखडत होती. तिचे वडील शेषराव बाजेवर बसले होते. डॉक्टरांनी चपला काढल्या, पेटी ओट्यावर ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. "मी तपासलं नव्हतं. तपासल्याशिवाय तो शब्द बोलला गेला. माझ्या दवाखान्यात बोलला गेला."

जमुनेने सूप खाली ठेवलं नाही.

"त्या डब्यात काय हाये?"

"तपासायचं यंत्र."

"आता काय तपासता? मी तं तवाच बरी झालती, तुमच्याच गोळ्यायनं."

तिचं म्हणणं खरं होतं. दोन वर्षांपूर्वीचा थेंब कुठून आणायचा? तिला काय होतं आणि काय नव्हतं, हे आता जगातलं कुठलंही भिंग सांगू शकत नव्हतं.

"हे यंत्र तवा होतं का तुमच्यापाशी?" तिने विचारलं.

"होतं."

"मंग तवा काहून नाई पाह्यलं?"

शेषरावांनी मान फिरवली. शेजारच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या. डॉक्टरांनी खिशातून कागद काढला, त्यावर जे खरं होतं तेवढंच लिहिलं आणि सही केली. जमुनेला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचलं. "अजून मोठ्यानं." त्यांनी परत वाचलं, पलीकडच्या गल्लीत जाईल एवढ्याने. मग तिने कागद घेतला, चार घड्या करून कमरेला खोचला आणि पुन्हा पाखडायला बसली. चहाचं कुणी विचारलं नाही.

आता अडुसष्ट साल आहे. माझा बारीक स्क्रू घसरतो, एका भिंगाला तडा गेला आहे. डॉक्टरांच्या डोळ्यांत अकालीच मोतीबिंदू उतरतोय, म्हणून त्यांची भाची दुपारी येऊन काचा बघते. ओमप्रकाश अजून इथेच आहे; बाटल्या भरतो, फार बोलत नाही. पंचफुलाबाई मोठ्या शाळेत बदलून गेल्या. जमुनेचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. डॉक्टरांनी दोनदा पत्र टाकलं, उत्तर आलं नाही.

माझं फार मागणं नाही. एखादी बाई दाराशी जाऊन मागे वळली, तर तिला परत बसवा. ती पाणी किती पिते विचारा, आणि पीत नसेल तर का पीत नाही तेही विचारा. नाव ठेवण्याआधी एक थेंब माझ्याखाली सरकवा. दहा मिनिटं लागतात. जमुनेसाठी ती दहा मिनिटं कुणी काढली नाहीत, आणि तिला द्यायला आज माझ्यापाशी काहीच नाही.