पाठीला बांधलेलं कलिंगड

कलिंगडानं जमिनीवरच लोळत पडायचं, हा कायदा कुणी केला? ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी. आमच्या बुसानच्या या चढावर घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलीत, मोकळी माती कुंडीतच. म्हणून मी गच्चीवर, निळ्या पाण्याच्या टाकीला टेकवून, भंगारातल्या पायपांचा मांडव उभा केला आणि वेल वर चढवला. बाकीची कोवळी फळं खुडून एकच ठेवलं.

आमच्या इमारतीचे प्रमुख प्यो गीजुंग. त्यांना कुणी निवडलं विचारू नका. हात वर करा म्हटल्यावर त्यांनीच दोन्ही वर केले होते. त्यांना गच्ची हवी होती गोल्फच्या सरावाला. चेंडू अडवायची हिरवी जाळी आधीच विकत आणून जिन्यात ठेवलेली, रोज माझ्या पायात यायची.

"कलिंगड म्हणजे काय दोडका आहे, लटकायला?" प्यो म्हणाले. "कुणाच्या तरी टाळक्यात पडेल."

"तुमच्या चेंडूपेक्षा सावकाश पडेल."

शेवटी ठरलं. मालबोकला, उन्हाळ्यातल्या त्या शेवटच्या भाजून काढणाऱ्या दिवशी, सगळी इमारत एकत्र जेवते. तेव्हा कलिंगड कापायचं. लाल आणि गोड निघालं तर मांडव राहणार, पांढरंफटक निघालं तर गच्ची गोल्फला.

फळ फुगत गेलं. कांद्याच्या जाळीदार पिशवीत टांगलं होतं, ती उसवली. तेव्हा तळमजल्यावरच्या मालसुन आजी आपली पोदेगी घेऊन वर आल्या. पाठीला बाळ बांधायचं ते जाड कापड.

"माझा पोरगा यातच वाढला. आता सोलमध्ये साहेब झालाय, फोनसुद्धा करत नाही," आजी म्हणाल्या. "याला बांध. हे तरी कुठे जात नाही."

बांधलं. मग आजी रोज येऊन त्याला थोपटू लागल्या. तेवढ्यानं सगळ्या इमारतीला वेड लागलं! जो तो वर येऊन टिचक्या मारायचा, कान लावायचा, डॉक्टरासारखा मान हलवायचा. प्योसुद्धा यायचे. म्हणे, टाकीतलं पाणी बघायला.

मालबोकच्या सकाळी मी पोदेगी सोडली आणि माझं डोकंच फिरलं. फळाच्या मागच्या बाजूला सुरीनं कापलेला त्रिकोण! बाजारात फळवाले गिऱ्हाइकाला लाली दाखवायला काढायचे तसा, आणि पुन्हा नीट बसवून ठेवलेला. कडेनं मुंग्यांची रांग लागलेली. या उकाड्यात आतून आंबलं असेल तर? मांडव गेलाच की माझा!

हातात धरवेना, म्हणून मी कलिंगड पाठीला बांधलं आणि जिना उतरू लागले. आजी मागून त्याचं बूड सावरत होत्या. "डोकं सांभाळ गं त्याचं!" त्या ओरडल्या. मला असं हसू फुटलं की दोघी कठड्याला धरून बसलो. कलिंगडासकट.

अंगणात कोंबडीचं सूप उकळत होतं. मी कलिंगड मेजावर ठेवलं आणि त्रिकोणाची बाजू सगळ्यांकडे फिरवली.

"कुणाचं काम हे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्यो सुपाकडे बघत होते.

"जाऊ दे गं," आजी एकदम गोड आवाजात म्हणाल्या. "चोराला शिक्षा झालीच की. लटकतं फळ ते, पाणचट असणार. बिचाऱ्यानं थुंकून टाकलं असेल."

"पाणचट?" प्यो उसळले. "अहो, मध होता मध! टोकापर्यंत लालबुंद! मी तर सालीपर्यंत..."

ते थांबले. उशीर झाला होता. अंगणात असा हशा फुटला की समोरच्या इमारतीच्या खिडक्या उघडल्या.

"प्रमुखांनीच निकाल दिला!" आजी टाळ्या पिटत म्हणाल्या.

मी सुरी घातली. चर्र आवाज झाला आणि फळ आपण होऊन दुभंगलं. मुंग्यांचा वाटा सोडला तर बाकी सगळं लाल. आम्ही ते बर्फ आणि दूध घालून मोठ्या परातीत कालवलं. प्योंना मी पहिली वाटी दिली, कारण मला त्यांचं तोंड जवळून बघायचं होतं. त्यांनी दुसरीही मागितली.

वाटी चाटून झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "बाई, ती जाळी... मजबूत आहे. पुढच्या वर्षी तीन-चार वेल सहज पेलेल."

"आणि गोल्फ?"

"गोल्फ काय खाता येतं?"

दुसऱ्या दिवशी जाळी मीच गच्चीवर ताणली. टोकाच्या गाठी प्योंनी मारल्या. सैल मारल्या, मी सोडून पुन्हा मारायला लावल्या.