अर्थ सुटला

बहिरूच्या जुन्या व्हॅनमध्ये रामनवमीपासून जणू भूतच शिरलं होतं. डावा इंडिकेटर दिला की हॉर्न कण्हायचा, वायपर लावला की दिवे मिणमिणायचे आणि चावी फिरवली की कधीकधी नुसतंच 'टक्'. त्यानं बॅटरी बदलली, फ्यूज बदलले, पुढे लिंबू-मिरचीही बांधली. धनराज महाराज भर कीर्तनात म्हणाले, "आमच्या बहिरूची गाडी बॅटरीवर नाही, नामस्मरणावर चालते!" मंडप हसला. त्यांच्या मागे टाळ धरून उभा असलेला बहिरूही हसला.

ती उभं राहायची जागा म्हणजे त्याचं वैकुंठच. ना गळा, ना पाठांतर. बारा वर्षं मंडळींची ने-आण केली म्हणून मिळालेली. आणि आज सकाळी नाशिकहून निघताना महाराजांनी बजावलं होतं, "दिंडोरीला काल्याचं कीर्तन आहे. आज रुसली, तर दुसरी गाडी बघेन."

म्हसरूळला चहा झाला, चावी फिरली. टक्.

फोन गेला, तसा दिंडोरीच्या यजमानांचा मुलगा योगेश त्यांची नवी गाडी घेऊन आला. मंडळी, मृदंग, पेटी, टाळांची पिशवी सगळं त्यात गेलं. मागे वळून बघायला कुणाला वेळ नव्हता.

शेजारीच बारकूचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्यानं सीट उचलली आणि कपाळावर हात मारला. "बुवा, इथं आत भगवा कुणी फासला?"

"मीच. रामनवमीला गाडी रंगवली. महाराज बसणार, म्हटलं आतबाहेर एकच रंग हवा."

"लय भक्ती केली! बॅटरीची अर्थची वायर रंगावरच आवळली की. लोखंडाला नीट टेकतच नाय ती. अर्थ सुटलाय तुमच्या गाडीचा."

बारकूनं रंग खरवडला, बोल्ट आवळला. गाडी झटक्यात सुरू झाली.

बहिरू मंडपात पोचला तेव्हा त्याच्या जागी योगेश उभा होता. हातात बहिरूचेच टाळ, तेही चुकीच्या ठेक्यात. महाराजांनी गादीवरूनच विचारलं, "आले का बहिरूबुवा? काय दुखत होतं गाडीला?"

बहिरूनं हात जोडले. "महाराज, भगवा रंग आतपर्यंत मारला, अन् अर्थ सुटला."

मग महाराजांनी उपरणं झटकलं. "ऐका, माऊली! बॅटरी भरलेली, दिवे जागेवर, वर भगवा रंग... पण अर्थच सुटला, तर उजेड पडेल कसा?" टाळ्यांनी मंडप दणाणला. त्या एका वाक्यावर महाराज अर्धा तास बोलले. बहिरूचे डोळे वाहत होते. देवानं गाडी बंद पाडली ती याचसाठी, असं त्याला वाटलं.

काला वाटून झाला तशी त्यानं व्हॅन मंडपाशी लावली आणि दार सरकवून उभा राहिला. मंडळी समोरून गेली आणि नव्या गाडीत बसली. गळ्यातला हार सावरत महाराजांनी काच खाली केली.

"दृष्टांत झकास दिलास हं, बहिरू. शनिवारी ओझरला पुन्हा सांगणार आहे."

"मी येऊ ना, महाराज? गाडी आता ठीक हाय."

"ये की. समोर बसून ऐक."

"अन् माझे टाळ?"

"राहू देत योगेशकडे. त्याला लागतील."

काच वर गेली. बहिरूनं दार ओढून घेतलं, चावी फिरवली. व्हॅन पहिल्याच फटक्यात सुरू झाली. त्यानं नाशिककडे वळायला डावा इंडिकेटर दिला. हॉर्न अगदी गप्प राहिला.