लाँड्रीतल्या हेडफोनची तक्रार

मी एक जुना हेडफोन आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की फार गोड बोलतात, असे ऐकून आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझा माणसांवर राग आहे. तो मी लपवणार नाही, आणि शेवटी तुम्हाला आशीर्वाद वगैरेही देणार नाही. सध्या मी एका लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलामागच्या खिळ्याला टांगलेला आहे. माझे दोन्ही कान मुके झाले आहेत. कुणी केले, कसे केले, ते ऐका.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायका दिवसभर तारा जोडत. माझ्या प्रत्येक कानात कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा आहे आणि त्यामागे केसासारख्या तारेचे वेटोळे आहे. तो पडदा थरथरतो म्हणून तुम्हाला ऐकू येते. ज्या बाईने मला जोडले, तिने श्वास रोखून जोडले. मग स्वतःच्या कानाला लावून पाहिले, डावा, उजवा, आणि मान हलवली. मला काय सोसते आणि काय नाही, हे ठाऊक असलेले ते शेवटचे माणूस. तिथून पुढे मी अडाण्यांच्या हाती गेलो.

पहिला अडाणी म्हणजे दुकानदार. माझ्या खोक्यावर तीन चित्रे होती. एक मुलगी अभ्यास करते आहे, एक माणूस बसमध्ये बसला आहे, एक जण पळतो आहे. दुकानदाराला तेवढे पुरेसे होते. एके दिवशी एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आली. मोठी मुलगी, तिला घरात ताई म्हणत, आणि तिच्याहून धाकटा भाऊ. दोघांना दोन हेडफोन घेण्याची त्यांची ऐपत नव्हती, हे आईने दारातच सांगून टाकले.

"गाणं नको," ताई म्हणाली, "कुणीतरी बोलतंय असं काही लावा."

तिने मला डोक्यावर चढवले आणि डोळे मिटून बसली. मग मला काढून दोन्ही कान वेगवेगळे लावून पाहिले. धाकट्याने आपली पाळी येताच मला चढवून दुकानाच्या मधोमध उड्या मारल्या. मी डोक्यावरून पडलो नाही, एवढे त्याला पुरले. आईने तर मला कानाला लावलेच नाही. तिने माझ्या गादीचे कापड चिमटीत धरले, ताणले, शिवण पाहिली आणि विचारले, "हे रंग सोडेल का? आटेल का?"

"काही होत नाही हो काकू याला," दुकानदार म्हणाला. "अभ्यास, प्रवास, व्यायाम, तिन्हीला चालतो. डोळे झाकून न्या."

डोळे झाकून नेले त्यांनी! जो मनुष्य एका वस्तूला तीन कामे चिकटवतो, त्याला एकही काम नीट माहीत नसते, हे मला तेव्हाच कळले होते. पण मला तोंड कुठे होते?

मित्रांनो, ते घर म्हणजेच लाँड्री होती. पुढच्या खोलीत इस्त्रीचे टेबल, मागे धुण्याची यंत्रे, त्यामागे कपडे वाळवण्याची गरम खोली. सगळीकडे वाफ. भिंतींना सुद्धा घाम फुटलेला असे. रुग्णालयाचे गणवेश, हॉटेलच्या चादरी, कुणाकुणाचे कोट, साऱ्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. प्रत्येक कपड्यावर न पुसणाऱ्या शाईने लाँड्रीची खूण केली जाई. पहिल्याच दिवशी आईने तीच खूण माझ्या पट्टीवर उमटवली. मला कपडा समजायची सुरुवात तिथून झाली.

ताईला मी कशासाठी हवा होतो, ते नीट समजून घ्या. तिला वाफ सोसत नव्हती. सकाळी प्रेस मशीनपाशी उभी राहिली की दुपारपर्यंत तिला खोकल्याची उबळ येई. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, वाफेपासून लांब राहा. लाँड्रीवाल्याच्या मुलीने वाफेपासून लांब राहायचे म्हणजे कुठे राहायचे? म्हणून तिने न्यायालयातल्या टंकलेखकाच्या नोकरीची परीक्षा द्यायचे ठरवले होते. न्यायालयात जबान्या ध्वनिमुद्रित होतात आणि कुणीतरी त्या ऐकून टाइप करायच्या असतात. त्या ध्वनिमुद्रणात वकिलाचा आवाज डाव्या कानात येतो आणि साक्षीदाराचा उजव्या. डाव्यात प्रश्न, उजव्यात उत्तर. संध्याकाळी ती चादरींच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसे, मला लावी आणि कुठून कुठून मिळवलेल्या सरावाच्या जबान्या टाइप करी. तेवढा वेळ मी कामाचा होतो. मी ते काम चोख करत होतो, आणि हे कुणी कबूल केले नाही म्हणून मीच सांगतो.

बाकीचा वेळ मी धाकट्याच्या तावडीत असे. गणवेशांचे गठ्ठे घेऊन तो बसने रुग्णालयात जाई, तेव्हा मी त्याच्या कानावर. सकाळी अग्निशमन दलाच्या भरतीसाठी मैदानावर पळे, तेव्हाही मीच. हा मुलगा घामाचा नुसता पाझर होता. माझ्या गाद्या चिंब होत. घरी आला की मला जिथे हात पोचेल तिथे भिरकावून देई.

"ए घामट्या!" ताई ओरडे. "हा काय कानाला लावायचा की पिळायचा?"

"खोक्यावर तीन कामं आहेत. त्यातली दोन माझी. तुझं एकच."

"माझ्या एका कामावर माझा जीव आहे. तुझं काय, गाणी ऐकत हुंदडायचं!"

"हुंदडतो? गठ्ठे कोण वाहतं मग? तू कोर्टात जाऊन बसलीस की प्रेसवर कोण उभं राहणार? मीच ना? तुला काय, तू सुटलीस!"

हे रोजचे होते. त्या घरात बहीणभाऊ एकमेकांना पाण्यात पाहत. आई दोघांवर डाफरे, आणि वडील इस्त्री आपटत म्हणत, "ओरडा अजून! गिऱ्हाइकं तमाशा बघायलाच येतात आपल्याकडे." मी मधल्या मध्ये. तिने एका बाजूने ओढायचे, त्याने दुसऱ्या. माझी पट्टी एकदा कडकन वाजली तेव्हा दोघेही एकदम म्हणाले, "तू मोडलास!" मला त्या घरातल्या एकूण एक माणसाचा तिटकारा होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कडेलोट झाला. परीक्षेला ज्याने त्याने आपापला हेडफोन आणायचा असा नियम होता. ताई मला शेवटच्या सरावासाठी घ्यायला आली तर मी ओलागच्च. तिने मला नाकाजवळ नेले आणि तिचे डोके फिरले.

"उद्या माझी परीक्षा आहे," ती म्हणाली, "आणि मी तुझ्या घामाच्या वासात बसून लिहू? परत असा दिलास ना, तर तुझं तोंड बघणार नाही मी."

एरवी धाकटा उलट बोलला असता. त्या दिवशी त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान डोलावली. मला ते बरे लक्षण वाटले नाही.

आता या घराचा एक दंडक सांगतो. वडिलांनी मुलांना लहानपणापासून एकच शिकवले होते: दुसऱ्याच्या हातात वस्तू द्यायची ती धुऊनच. मळकी वस्तू परत देणे म्हणजे त्यांच्या लेखी चोरी. परीक्षेच्या दिवशी सकाळी धाकटा मैदानावर पळून घरी आला. मला भिरकावले नाही. कोपऱ्यातल्या बादलीत कोमट पाणी काढले, लोकरीच्या कपड्यांसाठी राखून ठेवलेला मऊ साबण त्यात विरघळवला आणि मला त्यात बुडवले.

मित्रांनो, मी किंचाळलो. कुणाला ऐकू जाणार? त्याने माझ्या गाद्या बोटांनी हळूहळू चोळल्या. दोनदा स्वच्छ पाण्यातून काढले. पिळले मात्र नाही, टॉवेलात गुंडाळून दाबले, भारी लोकरी स्वेटरला दाबतात तसे. मग हँगरला अडकवून गरम खोलीत टांगले. एवढ्या निगुतीने माझ्याशी तो कधीच वागला नव्हता. मी कोरडा, उबदार झाल्यावर त्याने मला ताईच्या पिशवीवर नेऊन ठेवले, तारेची नीट गुंडाळी करून. ती तेव्हा वेणी घालत होती. कुणाला काही न सांगता तो गठ्ठे घेऊन निघून गेला. आतल्या पडद्यामागे पाणी राहिले होते, ते मला ठाऊक होते.

ताईला साबणाचा वास आला नाही. त्या घरात साबणाचा वास कुणालाच येत नसे. तो त्यांच्या कपड्यांत, केसांत, अंथरुणात मुरलेला होता.

परीक्षेच्या खोलीत सुरुवातीला दोन्ही कानांत एक शिट्टी वाजवून हेडफोन तपासून घेतले. मी जीव एकवटून दोन्हीकडे वाजलो. तिने मान हलवली. मग जबानी सुरू झाली. डाव्या कानात वकील बोलायला लागला, "तुम्ही त्या दिवशी कुठे..." आणि माझ्या डाव्या कानात खरखर झाली. ओली तार तुटली. त्यानंतर डावीकडे काही नाही.

तिने मला दाबले, तार हलवली, पिन काढून घातली. मग हात वर केला. पर्यवेक्षक आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"सर, डावीकडचं ऐकू येत नाही."

"तपासायला वेळ दिला होता ना?"

"तेव्हा येत होतं."

"आपला हेडफोन, आपली जबाबदारी. दुसऱ्यांना त्रास देऊ नका, बसा."

माझे पित्त खवळले. पण माझ्या उजव्या कानात साक्षीदार बोलत होता आणि ते थांबवता येत नव्हते. ताई टाइप करू लागली. तिच्या कागदावर काय उमटले, सांगू? "घरीच होतो. नाही. हो, ओळखतो. नाही. मला आठवत नाही. ते मी पाहिलेले नाही." एकही पुरा प्रश्न नाही. प्रत्येक उत्तराच्या आधी तिने तेवढी जागा सोडली आणि लिहिले, ऐकू आले नाही. प्रश्न काय असतील ते तिला सहज रचता आले असते. सराव केलेल्या मुलीला काय अवघड आहे? पण जे ऐकले नाही ते लिहायचे नाही, हा त्या कामाचा पहिला नियम, आणि तो तिने पाळला. मला तिचा राग आला. कुणासाठी एवढे खरे वागायचे?

परीक्षकांनी पानावर नजर टाकली. "प्रश्नाशिवाय उत्तरं घेऊन न्यायाधीश काय करणार?" ते म्हणाले आणि कागद बाजूला ठेवला. ती नापास झाली. ही परीक्षा पुन्हा कधी होईल ते कुणी सांगितले नाही.

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा पाहून आईने हातातला शर्ट खाली ठेवला. ताई म्हणाली, "डावा कान बंद पडला." बस्स, एवढेच. मी वाट पाहत होतो. आता स्फोट होणार, आता तरी कुणीतरी माझ्या वतीने भांडणार. तेवढ्यात धाकटा मागच्या खोलीतून आला. त्याने तिचे वाक्य ऐकले नव्हते.

"वास आला का आज?" त्याने विचारले.

तिला काही कळेना. "कसला वास?"

"आला नसणारच. मी धुतला होता सकाळी. लोकरीच्या साबणात. दोन पाण्यांतून काढला." तो ओशाळून हसला. "पिळला नाही हं."

वडिलांची इस्त्री थांबली. आईने तोंडाला पदर लावला. ताईने माझ्याकडे पाहिले, मग मला नाकाशी नेले आणि या खेपेला खूप वेळ हुंगले. तिच्या तोंडाशी आलेले शब्द मला दिसत होते. त्यातला एक जरी सुटला असता, तरी तो मुलगा आयुष्यभर मान वर करून चालला नसता. ओरड, मी म्हणत होतो, ओरड की! रोज क्षुल्लक गोष्टीसाठी घसा फोडतेस, आज काय झाले?

"नाही," ती म्हणाली. "वास अजिबात नाही आला."

आणि ॲप्रन बांधून प्रेसपाशी उभी राहिली. वाफ आली. ती खोकली.

पुढचे ऐकून तुम्ही हसाल, तर हसा. त्याला कुणी काही सांगितलेच नाही! शाबासकी मिळाली असे समजून तो मला दर वेळी पळून आल्यावर धुऊ लागला. डावा कान ओढाताणीत गेला असेल असे त्याने धरले, आणि लवकरच माझा उजवा कानही गेला. तेव्हा त्याने मला हलवले, कानाशी धरले आणि म्हणाला, "स्वस्तातली वस्तू, दुसरं काय." मग या खिळ्याला टांगले. स्वस्तातली! मला जोडणाऱ्या त्या बाईचा श्वास स्वस्तातला होता का?

काही महिन्यांनी परीक्षेची पुन्हा घोषणा झाली. ताईने दुसरा हेडफोन आणला. माझ्याच जातीचा, तीच तीन चित्रे. धाकट्याच्या भरतीची चाचणीही जवळ आली होती. तो दारात बूट बांधत असताना तिने स्वतःहून तो त्याच्यापुढे धरला.

"घे. पण हा धुवायचा नसतो. आत पाणी गेलं की बंद पडतो. नुसता कोरड्या फडक्यानं पुसायचा."

"बरं," तो म्हणाला आणि घ्यायला हात पुढे केला. हात तसाच राहिला. त्याने वर पाहिले, थेट माझ्याकडे, खिळ्याकडे. मग तिच्याकडे. ती तोवर गठ्ठे उचलायला वळली होती.

"ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी..."

"पळायला जा. उशीर होतोय."

तो गेला, पण हेडफोन न घेता. त्या दिवसापासून तो कानाला काही न लावता पळतो, आणि परत आला की हात पुसून, कोरडे फडके घेऊन त्या नव्याला पुसतो. वापरलेला नसला तरी पुसतो. मला मात्र कुणी पुसत नाही.

मित्रांनो, मी कुणालाही माफ केलेले नाही. त्या दुकानदाराला नाही, पर्यवेक्षकाला नाही, धाकट्याला तर नाहीच. तुमच्या घरात माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला पाण्यात घालू नका. आणि कुणाचे भले करायची हुक्की आली, तर आधी त्याला विचारा. तोंड असलेल्यांना तरी विचारा. आम्हाला विचारून उपयोग नाही. आम्ही बुडताना ओरडतो, ते तुम्हाला ऐकू येत नाही.