बबनची खाजकुयली

बबन आपल्याला मुद्दाम जिंकू देतोय, हे आनंदाच्या लक्षात आलं आणि त्या रविवारी त्याला पार्किन्सनचा पहिल्यांदा खरा त्रास झाला. त्याआधी दोन वर्षं उजवा हात नुसता थरथरत होता.

चाळीस वर्षं दोघं दर रविवारी कॅरम खेळत आले होते. अंबरनाथच्या एकाच कंपनीत दोघं टर्नर. कंपनी बंद पडली, भोंगा थांबला, शिवमंदिरामागची भातखाचरं जाऊन तिथं सात मजले उभे राहिले, पण कॅरम काही थांबला नाही. आणि त्या चाळीस वर्षांत बबनने एकही रविवार लबाडीशिवाय सोडला नाही. आनंदा पाणी प्यायला वळला की राणी बोटभर सरकलेली असायची. आनंदा ओरडायचा, बबन आईची शपथ घ्यायचा. त्या शपथांना न जुमानता त्याची आई ब्याण्णव वर्षं जगली.

आता मात्र आनंदाचा स्ट्रायकर भलतीकडे गेला तरी बबन म्हणायचा, "वा! काय मारलंस!" राणी जागच्या जागी. आनंदाला रडू यायचं.

"हात सुधारायला पाहिजे," त्याने ठरवलं. "म्हणजे हा परत चोरी करेल."

डॉक्टरांची गोळी दिवसातून तीनदा होतीच. शिवाय फळीवर डब्या जमायला लागल्या. मॅग्नेशियम उल्हासनगर कॅम्प चारच्या किशनचंद शेटने सुचवलं. "साईं, मेरा साला ये खाके दौडता है." साला कोणापासून पळतो, ते सांगितलं नाही. बी-ट्वेल्व्ह मुलीने, कीर्तीने, बदलापूरहून पाठवलं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल शेजारच्या गोदूबाईंनी आणून दिल्या, ज्या स्वतः अंडंही खात नाहीत. तीन महिन्यांनी आनंदाच्या ढेकरांना बोंबलाचा वास यायला लागला. हात पूर्वीइतकाच थरथरत होता, फक्त जास्त पौष्टिकपणे.

मग एका रविवारी बबन बरणी घेऊन आला.

"कवचबीज चूर्ण. मोबाईलवर बघितलं. अर्धा चमचा घे."

"कवचबीज म्हणजे?"

"अरे, आपली खाजकुयली. तिच्या बिया."

आनंदा बरणीकडे बघत राहिला. खाजकुयली! सातवीचं स्नेहसंमेलन. वालधुनी नदीत तेव्हा मासे दिसायचे आणि चिखलोलीच्या डोंगरावर थंडीत खाजकुयलीच्या मखमली शेंगा लटकायच्या. नाटकात बबन राजा झाला होता. राजा आनंदाला व्हायचं होतं. गुरुजींनी त्याला दरवाजा केलं. बोलणारा नव्हे, नुसता दरवाजा. उल्हासनगरच्या बँडवाल्याकडून आणलेल्या राजाच्या लाल कोटात दरवाजाने एक अख्खी शेंग घासली. सिंहासनावर बसल्या बसल्या महाराज असे काही नाचले, की प्रधान भाषण विसरला आणि पाहुण्यांनी अभिनयाचं पहिलं बक्षीस बबनला दिलं. स्टीलचा पेला. दरवाजाला काही नाही.

'चौपन्न वर्षांनी बबन्याने डाव साधला,' आनंदाला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला. दया करणारा माणूस सफरचंदं आणतो. सूड घेणारा माणूस बरोबरीचा असतो. त्या आनंदात त्याने अर्ध्याऐवजी दोन चमचे घेतले. सकाळ-संध्याकाळ. गोळ्या होत्याच.

काही खाजलं नाही. तिसऱ्या दिवशी हात चक्क थांबला. शर्टाची पाचही बटणं त्याने स्वतः लावली आणि पुन्हा काढून पुन्हा लावली. पाचव्या दिवशी मान, खांदे आणि डावा पाय आपापल्या मर्जीने डोलायला लागले.

"अहो, कोणाच्या वरातीत चाललाय?" बायकोने, सुंदराबाईंनी विचारलं, आणि मग घाबरून रिक्षा बोलावली.

"गोळीत जे औषध आहे तेच या बियांत असतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही केवढं घेतलंत! मला न विचारता एक डबी उघडायची नाही." रक्त तपासून त्यांनी बी-ट्वेल्व्ह तेवढं ठेवलं. बाकी फळी रिकामी झाली. दोन दिवसांत डोलणं थांबलं, थरथर परत आली.

रविवारी बबन आला तो डोळे पुसतच. "माझ्यामुळं झालं रे आनंद्या. मला वाटलं, गुण येईल."

आनंदाचा चेहरा पडला. "म्हणजे तू सूड घेत नव्हतास?"

"कसला सूड?"

"राजाच्या कोटातल्या खाजकुयलीचा."

बबनने रुमाल खिशात ठेवला. सावकाश.

"तो तू होतास?"

आनंदाने होकारार्थी मान हलवली.

"मी चौपन्न वर्षं वर्गातल्या त्या भगवानवर डूख धरून बसलोय! त्याच्या लग्नात जेवलो नाही मी! मटण होतं, आनंद्या!"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"बोर्ड काढ."

सुंदराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा बबन बाह्या सारून बसला होता. आनंदाने नेम धरला. हात थरथरला.

"फाऊल," बबन म्हणाला. "स्ट्रायकर रेषेवर नाही. एक सोंगटी परत ठेव."

"आजारी आहे मी!"

"कंपनीत साहेब आला की असाच थरथरायचास. तेव्हा काय होतं? ठेव!"

"हलकटा!"

"मटण होतं," बबन म्हणाला आणि राणी घेतली.

पंचवीस-शून्य झाल्यावर तो चहा न पिता, चपला वाजवत निघून गेला. जिन्यातून ओरडला, "पुढच्या रविवारी लवकर बस. तीन गेम मारणारे तुला."

"कोण जिंकलं?" सुंदराबाईंनी विचारलं.

"साफ हरलो," आनंदा म्हणाला आणि बबनचाही चहा प्यायला.