पेल्यातलं चिलट

तलावाच्या गाळातल्या लाल अळ्या सुनेनं घरी आणल्या, तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं.

"जगात दुसरी जागाच मिळाली नाही का यांना ठेवायला?"

"अहो आई, लॅबचा एसी बिघडलाय. तिथल्या उकाड्यात मरतील त्या. आणि मोठी होऊन चिलटं झाली तरी चावत नाहीत ही."

सून पाण्याच्या प्रयोगशाळेत होती. गाळात कोण राहतं यावरून तलावाची तब्येत सांगायची, हे तिचं काम. एरवी ती अळीचं डोकं काचपट्टीवर उताणं ठेवायची, हनुवटीपाशी असलेली दातांची करवत बघायची आणि जात सांगून मोकळी व्हायची. या वेळी घोडं तिथंच अडलं होतं. दोन जातींचे दात हुबेहूब सारखे. एक घाणीत मजेत राहणारी, दुसरी घाणीत न टिकणारी. यातली कोणती, ते अळीचं चिलट झाल्यावरच कळणार, तेही नर निघाला तर. म्हणून खिडकीत पेले मांडले होते. प्रत्येकात एकेक अळी, वर जाळीचं कापड.

सासूबाई पेल्यांकडे पाठ करून भाजी चिरायच्या. एकदा मात्र न राहवून त्यांनी विचारलंच, "एवढ्या लाल कशानं गं?"

"आपलं रक्त ज्यानं लाल होतं ना, तसंच यांच्यातही असतं. चिखलात प्राणवायू कमी, मिळेल तो धरून ठेवायला लागतो."

त्या दिवसापासून सासूबाईंचं पाठ फिरवणं बंद झालं.

मग एका दुपारी सून कामावर असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबका, घरात तान्हं बाळ निजल्यासारखा.

"अगं, ती कोषात गेलेली होती ना, ती वर आली. पाण्याला टेकली आणि पाठीवर उभी फट पडली. मी चष्मा पुसेपर्यंत आतून दुसरंच कुणीतरी बाहेर! स्वतःच्याच सालीवर उभं, होडीत उभं राहावं तसं. पायसुद्धा भिजला नाही गं!"

"उडालं?"

"उडालं की. जाळीला बसलंय. मिशा कशा, पिसं फुटल्यासारख्या."

"आई, नर आहे तो!" सून लॅबमध्ये ओरडलीच. "पाणी ओतू नका हं. तळाशी अळीची कात असेल, डोक्यासकट."

"ओततेय कसली! मी श्वाससुद्धा जपून घेतेय."

दुसऱ्या दिवशी त्या रिक्षात पेला मांडीवर धरून स्वतःच लॅबमध्ये आल्या. सुनेनं आधी नर तपासला, मग कात. बराच वेळ ती वाकलेलीच होती. मान वर केली तेव्हा डोळे भरून आले होते.

"घाणीत न टिकणारी आहे, आई. तलाव जिवंत आहे."

सासूबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कातीवर दातांची काळी करवत. शेजारच्या काचेवर पिसांच्या मिशा.

"आणि हे दोन्ही एकच?"

"एकच."

मागे कुणीतरी काचपट्ट्या घेऊन खोळंबलं होतं. सून त्यांच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आई, चला ना."

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "बघू दे."