दोन पराती

सत्यभामाने दोन्ही पराती कोरड्या राखेने घासल्या, जुन्या लुगड्याच्या चिंधीने पुसल्या आणि ओसरीवर सासऱ्यांसमोर, आप्पांसमोर आणून आदळल्या. धुवायला पाणी नव्हते. असते तरी आज जावेच्या डोळ्यांदेखत तिने ते सांडले नसते.

पराती पितळेच्या, आप्पांच्या लग्नातल्या. एरवी त्या वर्षातून एकदाच माळ्यावरून खाली यायच्या, दिवाळीच्या तोंडावर कारखान्याकडून सभासदांची साखर आली की. कारखान्याचा शेअर आप्पांच्या नावावर, पोरगे दोन आणि चुलीही दोन, तेव्हा साखरेचे वाटे करणे आले. एका सुनेने वाटे घालायचे, दुसरीने आधी उचलायचा, आणि पुढच्या वर्षी पाळी उलटायची. घालणारीच्या तोंडून 'झालं' निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. निघाल्यावर कुणी ब्र काढायचा नाही. या नियमामुळे त्या घरात साखरेवरून भांडण कधी झाले नव्हते. बाकी सगळ्यावरून झाले होते.

यंदा साखर आलीच नव्हती. पावसाळ्यामागून पावसाळे कोरडे गेले, तालुक्यात उसाचे टिपरू उरले नाही आणि कारखान्याचे धुराडे थंड पडले. कारखान्याची शिक्षण संस्था मात्र जोरात होती. तिने एक 'प्रज्ञा वर्ग' काढला होता. चौथीच्या पोरांची परीक्षा घ्यायची, त्यातली हुशार निवडायची आणि पाचवीपासून वसतिगृहात ठेवून घडवायची. दोन वेळचे जेवण, आंघोळीला पाणी, शहरातून आणलेले मास्तर. हजारावर पोरे परीक्षेला बसली आणि घेतली चाळीस. शंभरात चारसुद्धा घेत नाही आम्ही, असे तिथले मुख्याध्यापक छाती फुगवून सांगत होते. जितकी जास्त पोरे दारातून परत पाठवू तितकी आपली शाळा मोठी, असा त्या माणसाचा हिशेब होता.

त्या चाळिसांत या एकाच घरातली दोन निघाली. सत्यभामाची अंजना वरच्या दहांत, आणि थोरल्या जावेचा, जानकीबाईचा भारत शेवटून कुठेतरी. गावाने पेढे मागितले. पेढ्यांची चव जायच्या आत संस्थेचा निरोप आला: एका शेअरवर एकच विद्यार्थी. कोणता, ते सभासदाने कळवावे. नवा शेअर मिळेल का, म्हणून सत्यभामाचा नवरा उत्तरेश्वर कारखान्यावर जाऊन आला. पाऊस पडल्यावर बघू, असे उत्तर घेऊन आला.

"भारतचं होऊ दे," तो रात्री जेवताना म्हणाला. "पोरगा हाय. आपली अंजी काय, कुटंबी शिकंल."

कुटंबी म्हणजे कुठं, हे सत्यभामाला चांगले ठाऊक होते. अंजनाच्या वर्गातल्या दोघी पोरी यंदा आईबापांबरोबर ऊस तोडायला कर्नाटकात गेल्या होत्या, पाचटाच्या कोपीत लहान भावंडे सांभाळायला आणि भाकरी थापायला. पुढच्या वर्षी त्यांच्याच हातात कोयता येणार होता. त्या दिवसापासून सत्यभामा नवऱ्याशी फक्त 'वाढू का' एवढेच बोलत होती.

आप्पांनी एका परातीत एक सुपारी ठेवली.

"ही शाळा," ते म्हणाले. "मला दोनी लेकरं सारखी. साखर वाटतो तसं वाटू. घालायची पाळी कुनाची हाय?"

"हिची," जानकीबाई ताबडतोब म्हणाली. तिचा नवरा राधाकिशन कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर परमुलखात होता, पण तो घरी असला काय नि नसला काय, त्या चुलीवर राज्य तिचेच होते. ती पदर डोक्यावरून पुढे ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती.

आता दुसऱ्या परातीत सुपारीच्या तोलाचे काय टाकायचे, ते सत्यभामाने ठरवायचे होते. कमी टाकले तर जाऊ सुपारी उचलणार. सत्यभामाने कमरेची किल्ली सोडून त्या परातीत टाकली. ती घरामागच्या बोअरच्या पेटीची किल्ली होती. बोअर जेमतेम घटकाभर चालायचा. एक दिवस एका चुलीचा, एक दिवस दुसरीचा. रोज संध्याकाळी किल्ली एकीकडून दुसरीकडे जायची, पण हातातून हातात कधीच नाही. मधल्या भिंतीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची, अशी गेली कित्येक वर्षे रीत होती. त्या पाण्यावर सत्यभामाचा मेथीचा वाफा आणि गाय जगत होती.

"माजी पाळी," ती म्हणाली. "कायमची. दोनी दिवस ह्यांचे."

"अगं ए," खांबाला टेकलेला उत्तरेश्वर दचकला. "पानी देतीस व्हय?"

"तुमी गप ऱ्हावा."

जानकीबाईने किल्लीकडे पाहिलेसुद्धा नाही. ती सुपारीकडे पाहत होती, बाजारात गिऱ्हाईक चपलांच्या पहिल्याच जोडाला चिकटून बसते तशी.

"हजारातून निवडलाय माज्या भारतला," ती आप्पांकडे बघून म्हणाली. "असली जागा काय पुन्ना चालून यायची न्हाई." तिचा गुडघ्यावरचा हात उचलला गेला आणि परत खाली आला.

तो हात सुपारीकडे निघाला होता, हे सत्यभामाने पाहिले. ती उठली, गोठ्यात गेली आणि गाईच्या गळ्यातले दावे सोडून घेऊन आली. गाय उमापूरची, तिच्या माहेरची. वासरू असताना बापाने टेम्पोत घालून आणून सोडली होती आणि जाताना म्हणाला होता, ही तुझी, घराची नाही. सत्यभामाने दावे किल्लीवर टाकले. खुंट्याला घासून त्याला गुळगुळीतपणा आला होता.

"झालं," ती म्हणाली.

जानकीबाईने एक क्षणही लावला नाही. किल्ली-दाव्याची परात तिने खसकन आपल्याकडे ओढली.

"ने तुज्या पोरीला," ती म्हणाली. "लई हुशार ना ती? हुशार पोरी घर सोडून जायालाच असत्यात."

आप्पांनी सुपारी उचलून सत्यभामाच्या हातावर ठेवली. ती जिंकली होती. तरी ती परात इतक्या चटकन ओढली गेली, हे तिला दिवसभर कुसळासारखे टोचत राहिले.

सोमवारी ती अंजनाला घेऊन जीपने निघाली. पत्र्याची पेटी पायांत, पोरगी मांडीवर. कोरड्या ओढ्यावरचा पूल मागे पडला तशी अंजनाने मान वळवून नीट खात्री केली.

"आई, आता सांगू का? गावाचा पूल गेला. शपथ सुटली."

"कसली शपथ?"

"भारतला फेफरं येतं. परीक्षेच्या दिवशी पेपर सुटल्यावर आलतं, भिंतीमागं. दात असे आवळले त्यानं. मी कांदा हुंगवला. मोठी आई म्हनती, त्याला ती कुटंच पाठवनार न्हाई. रातीला उठून त्याच्याजवळ बसती ती."

सत्यभामाला पहिल्यांदा नीट उमगलेच नाही. मग एकदम उमगले. जी जागा जाऊ कधीच घेणार नव्हती, जी नुसती वाट पाहिली असती तरी आपसूक पदरात पडली असती, तिच्यासाठी तिने पाणी दिले होते आणि गाय दिली होती.

"कार्टे! आदी कावून न्हाई सांगितलंस? बोअर गेला, गाय गेली! तोंड शिवलं होतं का तुजं?"

"तो म्हनला, गावात कुनाला सांगितलंस तर तुजी आई मरंल."

सत्यभामाचा उगारलेला हात तसाच राहिला. मग तिने पोरीची सुटलेली रिबन इतकी करकचून बांधली की अंजनाच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून बघायला लागला, तेव्हा सत्यभामाने त्याच्याकडे असे पाहिले की तो पुन्हा वळला नाही.

वसतिगृहात नळ होता. अंजनाने तो उघडला, बंद केला, परत उघडला. शिपाई ओरडला तरी ती हसतच होती. निरोप घेताना ती रडेल असे सत्यभामाला वाटले होते. पोरगी रडली नाही. खोल्या बघायला पळाली.

परतीच्या वाटेवर सत्यभामाने जावेला देता येतील तेवढ्या शिव्या मनात लावून ठेवल्या. नुसत्या शिव्या पुरणार नव्हत्या. चव्हाट्यावर उभे राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडायचे, फेफऱ्याचे पोरगे लपवून माझी गाय लुबाडली म्हणून. मग बघू तिला तोंड दाखवायला जागा कुठे मिळते. जीपमधून उतरल्यावर पायांतला शीण तिला जाणवलाही नाही. घरात न शिरता ती सरळ मागच्या अंगणात गेली.

तिथे पाणी वाहत होते. बोअरची मोटर चालू, हौद भरून वर आलेला आणि पाणी धुळीत पसरत चाललेले. इतके पाणी असे वाया जाताना तिने कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. तिचा जीव तुटला. धावत जाऊन तिने आधी लाल बटण दाबले. पेटीच्या कुलपात किल्ली नव्हती.

किल्ली हौदाच्या पलीकडे होती, भारतच्या मुठीत. पोरगे चिखलात आडवे पडले होते, डोळे पांढरे, ओठांच्या कडेला फेस. फेफरे आलेल्याच्या हातात लोखंड द्यायचे म्हणून जानकीबाईने ती त्याच्या मुठीत कोंबली होती आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी ती मूठ दाबून धरली होती. लुगडे चिंब झाले होते, पदर खांद्यावरून घसरला होता. सत्यभामाला बघून तिने तो सावरला नाही.

"बघितलंस?" ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "जा आता. चव्हाट्यावर जाऊन वरड."

"मग सुपारीकडं कावून बघितलंत? तुमाला नको होती ना ती?"

"तू घालनारी होतीस. मी उचलनारी." जानकीबाईने पोराच्या तोंडावरचा फेस पदराने टिपला. "सगळा वर्ग बसला म्हनून परीक्षेला बसवला. न्हाई बसवला असता तर लोकांनी इचारलं असतं. पास हुईल असं कुनाला वाटलतं? शाळेनं निवडलंय त्याला, आन् मीच घरात कोंडलाय. तुजी पोरगी उडून जाईल. ह्यो कुटं जानार? जलमभर इतंच ऱ्हायचा. त्याला पानी लागंल, दूद लागंल. माज्या माघारी कोन देनार होतं? तू?"

खरे उत्तर 'नाही' असे होते आणि ते दोघींनाही माहीत होते. सत्यभामा आपल्या चुलीकडे गेली, कांदा आणला, हौदाच्या काठावर बुक्कीने फोडला आणि खाली बसून भारतच्या नाकाशी धरला.

"हात लावू नको त्याला," जानकीबाई म्हणाली.

"गप बसा."

शेजारच्या भिंतीवरून सुंदरबाईचे डोके वर आले. हौदाच्या आडोशाने तिला पोर दिसत नव्हते, पाणी तेवढे दिसत होते.

"अगं बया! एवढं पानी कुटं चाललंय? कुनी सोडलं?"

जानकीबाईची पाठ ताठ झाली. तिने पोरावर अंग वाकवले.

"मी," सत्यभामा मान वर न करता म्हणाली. "चालू केलं आन् इसरले."

सुंदरबाई थोडा वेळ च्‌ च्‌ करत राहिली आणि उतरली. भारतचे दात सुटले. त्याने एक लांब श्वास घेतला, मूठ सैल झाली, किल्ली चिखलात पडली. जानकीबाईने ती उचलून पदराच्या टोकात बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

"म्हनून गाय परत मिळंल, असं समजू नको," ती म्हणाली.

सत्यभामा उठली. हाताला कांद्याचा वास येत होता.

"उजवीकडनं बसलं की लाथ मारती ती," ती म्हणाली. "डावीकडनं बसा पिळायला."

तिने आपली रिकामी घागर काखेत घेतली आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग लांब होती. पुढे सुंदरबाईच होती आणि तिला बोलायला कुणीतरी हवेच होते.

"लुटलं बघ तुला तुज्या जावेनं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सगळं गाव म्हनतंय."

"वाटे मी घातलेते," सत्यभामा म्हणाली, आणि पायाने घागर पुढे सरकवली.