दीपगृहवाल्याच्या कोटाचं बटण

घड्याळजींना कुणी वेळ विचारली तर ते आधी स्वतःचं घड्याळ बघत, मग विचारणाऱ्याचं, आणि दोन्हींत फरक निघाला तर उत्तर राहायचं बाजूला, त्याचं घड्याळ काढून घेऊन दुरुस्त करायला बसत. दोन मिनिटांचा घोळही त्यांना खपत नसे. अशा माणसाला आपल्या डोक्यातलाच काटा कुठेतरी घसरलाय असं वाटू लागलं, तर त्याचं काय होत असेल बघा.

निमित्त झालं वाचनालयाच्या बैठकीचं. दरवर्षी वर्ष सरताना तिथे वाचक जमतात आणि वर्षभरात आपण काय वाचलं, त्यातलं काय मनात राहिलं, हे एकेकजण उभं राहून सांगतो. ग्रंथपाल बाईंना सगळे शांतता बाई म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यावर तशी पाटी आहे आणि पाटीखाली बाई स्वतः अखंड बोलत असतात. यंदा त्यांनी घड्याळजींनाच गळ घातली.

"डोळे नव्हते तेव्हासुद्धा तुमचं वाचन चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "यंदा तुम्हीच आधी बोलायचं. नाही म्हणू नका."

डोळे नव्हते हे खरंच होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि शुगर खाली येईना म्हणून डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे पुढे ढकलत होते. जवळजवळ सगळं वर्ष घड्याळजी घरी बसून होते. दुकानाला कुलूप, भिंगाला धूळ. तेव्हा बायको वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि रोज दुपारी मशीन बंद करून त्यांना वाचून दाखवायची. ती कपडे आल्टर करून देते. कुणाची पँट कमरेत आत घे, कुणाचा झगा खाली सोड, अशी कामं. हातातलं काम बाजूला ठेवून तिने नवऱ्याचं वर्ष ओढून नेलं, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि घड्याळजींनाही ते पटत होतं.

आता शस्त्रक्रिया झाली होती आणि समोरच्या गच्चीवरची तारसुद्धा लख्ख दिसत होती. बैठकीत बोलायचं म्हणजे उजळणी हवी. कुणी कुठलं पुस्तक नेलं हे शांतता बाईंना तोंडपाठ असतं. त्यांनी वर्षभरातली पुस्तकं काढून दिली आणि घड्याळजी ती पिशवी घेऊन घरी आले.

सगळ्यात आवडलेली कादंबरी त्यांनी आधी उघडली. बेटावरच्या दीपगृहात राहणाऱ्या एका माणसाची गोष्ट होती. तीच गोष्ट सांगायची असं त्यांनी ठरवलं होतं. सुरुवातीची पानं त्यांना शब्दन् शब्द आठवत होती. बायकोशी भांडून तो बेटावर जातो, तिथला दिवा पेटवतो, वादळ येतं. इथपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. पुढे मात्र काहीच जुळेना.

त्यांच्या आठवणीतला दीपगृहवाला जाड कोट घालायचा आणि कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं होतं, कारण भांडणाच्या दिवशी ते तुटलं होतं आणि बायकोने रागारागात हाती लागेल ते लावलं होतं. बेटावर तो रोज ते बटण चाचपायचा. शेवटी त्याच बटणापायी तो घरी परत आला. पुस्तकात कोट नव्हता. बटण तर नव्हतंच. आणि शेवटी किनाऱ्याला लागली ती रिकामी होडी.

घड्याळजींनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, मधलं पान गळलंय का ते शिवणीत बोट घालून पाहिलं. पान गळलेलं नव्हतं.

मग त्यांनी दुसरं काढलं, खुनाचं. त्यांच्या आठवणीत खुनी पकडला जातो तो पँटच्या दुमडीवरून, कारण टाका डावखुऱ्या हाताचा असतो. पुस्तकात विष होतं, पत्रं होती, पण सुईदोऱ्याचं नाव नव्हतं. तिसरं वाळवंटातल्या प्रवासाचं. त्यात प्रवासी ज्या घरी उतरतो तिथली बाई पुरुषांनी शर्ट कसा वाळत घालावा यावर चांगलं सुनावते, हे आठवून ते अजूनही हसत असत. पुस्तकात वाळवंटभर एकही घर नव्हतं.

आता त्यांचं धाबं दणाणलं, आणि कारणही तसंच होतं. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी तो वर्तमानपत्रात नसलेल्या बातम्या सांगू लागला. सगळे हसले. मग ऐकलेलं आणि न ऐकलेलं एक झालं. शेवटी शेवटी तो आरशातल्या माणसाला "बसा ना, उभे का?" म्हणायचा आणि तो बसत नाही म्हणून रागवायचा. भावाला सांभाळताना वहिनीची काय दशा झाली होती, ते घड्याळजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दोन दिवस ते गुपचूप स्वतःला तपासत राहिले. पाढे म्हणून पाहिले, बरोबर आले. टेबलावरच्या गजराच्या घड्याळाचे भाग सुटे केले, डोळे मिटून जोडले, घड्याळ चालू लागलं. शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचं तेही आठवलं. सगळं शाबूत होतं आणि एका वर्षाचं वाचन तेवढं वितळलं होतं. याचा अर्थ काय लावायचा तेच त्यांना कळेना. बायकोला विचारावं तर "असं काही नव्हतंच हो पुस्तकात" असं ती म्हणाली म्हणजे संपलंच. म्हणून विचारायचं धाडसही होईना.

"जेवण का जात नाही?" तिने विचारलं.

"बैठकीचं टेन्शन आलंय."

"चार माणसांसमोर बोलायचं, त्याचं कसलं टेन्शन? कोर्टात का उभं राहायचंय?"

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना राहवलं नाही. वाळवीसारखा पोखरणारा तो संशय सहन करण्यापेक्षा काय ते कळलेलं बरं. बायको मशीनजवळ बसून एका पँटची शिवण उसवत होती. त्यांनी दीपगृहाची कादंबरी तिच्यापुढे धरली.

"याचा शेवट परत एकदा वाच ना."

तिचा हात थांबला. "आता दिसतंय की तुम्हाला."

"ऐकायची सवय लागलीय."

तिने पुस्तक घेतलं, चष्मा सारखा केला, मागची बाजू चाचपून एक पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवून वाचू लागली. आवाज तोच, दुपारचा, जरासा ओढलेला. दीपगृहवाल्याने दिव्याचं यंत्र उघडण्याआधी त्याचा वास घेतला. आत पाणी शिरलंय हे त्याला वासावरून कळायचं. मग त्याने कोट चढवला, वेगळ्या रंगाचं बटण चाचपलं, आणि होडी सोडली.

घड्याळ उघडण्याआधी त्याचा वास घ्यायची खोड घड्याळजींची स्वतःची होती. दुकानात गिऱ्हाइकं त्यावरून हसायची. वर्षभर ऐकताना हे त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही, कोण जाणे. ते हळूच उठले आणि तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

पुस्तकाचं सगळ्यात शेवटचं कोरं पान उघडलेलं होतं. त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, बाकी एक अक्षर नव्हतं. तिचं बोट त्या कोऱ्या पानावरून एकेक ओळ सरकत होतं आणि ओळ संपली की पुन्हा डावीकडे येत होतं.

आधी त्यांना हायसं वाटलं. डोकं ठिकाणावर होतं. आणि लगेच त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की त्यांनी मशीनचा कोपरा घट्ट धरला.

"तुला कधीपासून दिसत नाही?"

बोट जागच्या जागी थांबलं.

"तुमच्या आधीपासून," ती म्हणाली.

"आणि हे? शिवणकाम?"

"बोटांना कळतं. सुईत दोरा शेजारच्या मास्तरीणबाई ओवून देतात."

मास्तरीणबाई रोज सकाळी गप्पा हाणायला येतात म्हणून घड्याळजी वर्षभर कुरकुरत होते.

"अगं, पण सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? डॉक्टर तुमचं पुढे ढकलत होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. त्यात मी म्हटलं असतं, अहो, मलाही दिसत नाही, तर मग? घरात एकाला दिसतंय, एवढ्यावर तर तुम्ही दोन घास खात होतात. हे पुस्तक सुरुवातीला वाचलं मी, तुमचं भिंग लावून. नंतर भिंगातही नुसत्या मुंग्या दिसायला लागल्या."

"म्हणजे वर्षभर तू मला खोटं वाचून दाखवलंस."

"खोटं कशाला? अंगाला बसेल असं आल्टर केलं," ती म्हणाली, पण तिने उसवलेली पँट तोंडाशी धरली.

घड्याळजी तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले. रागवावं असं वाटत होतं, तिला जवळ घ्यावं असंही वाटत होतं, आणि मधूनच त्या डावखुऱ्या खुन्याचं हसू येत होतं. यातल्या कशाला आधी हात घालावा ते ठरेना. म्हणून त्यांनी टाचणीच्या उशीतल्या सुया एकेक काढून त्यांत दोरा ओवायला घेतला. बारीक कामाला हात अजून तयार होता.

"सोमवारी माझी तपासणी आहे," ते म्हणाले. "तू पण येणार आहेस. नुसती सोबत म्हणून नव्हे."

"बरं."

"घाबरलो होतो गं मी. वाटलं, थोरल्यासारखं होतंय."

तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांचा आवाज जिथून आला तिथे पाहिलं. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही," ती म्हणाली. "आईशप्पथ नाही आलं." मग तिने त्यांचा दंड शोधून धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

थोड्या वेळाने तिने पुस्तक त्यांच्या मांडीवर सरकवलं.

"एक विचारू? त्या दीपगृहवाल्याचं पुढे खरं काय झालं हो? वर्षभर मनात आहे माझ्या. वादळापाशीच माझी अक्षरं गेली."

घड्याळजींनी शेवटचं छापील पान काढलं. दोन मिनिटांचा फरकही खपवून न घेणारा हा माणूस. समोर रिकामी होडी किनाऱ्याला लागली होती, आणि अक्षरं इतकी स्वच्छ दिसत होती की चुकायला जागाच नव्हती. त्यांनी घसा खाकरला.

"होडी किनाऱ्याला लागली," त्यांनी वाचलं. "तो उतरला. अंगात तोच जाड कोट होता."

बायको ऐकत होती. तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला.

"आणि बटण?" तिने विचारलं. "कुठल्या रंगाचं लिहिलंय?"

घड्याळजी पानावर बोट ठेवून क्षणभर थांबले.

"लावणारीला दिसत नव्हतं," ते म्हणाले, "त्यामुळे रंग दिलेला नाही."